बॅटलफिल्ड ६ : पैसे टाकण्याआधी बायॉस उघडा

बॅटलफिल्ड ६ हा युद्धाचा शूटर गेम घ्यावा का, असं विचारलं की लोक मॅप, बंदुका आणि रणगाड्यांबद्दल बोलायला लागतात. पीसीवाल्यांनी त्याआधी एक गोष्ट तपासायची आहे. तुमच्या मशीनवर सिक्युअर बूट बंद असेल तर ग्राफिक्स कार्ड कितीही तगडं असो, हा गेम तुम्हाला दारातूनच परत पाठवतो. त्यामुळे हे परीक्षण रणांगणाऐवजी मदरबोर्डच्या बायॉसपासून (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगपासून) सुरू होतंय.

गेम १० ऑक्टोबर २०२५ ला आला. त्यात ईए या कंपनीची जॅव्हलिन नावाची अँटी-चीट (चीट पकडणारी प्रणाली) आहे आणि ती कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, पातळीवर चालते. आजकालच्या महागड्या चीट विंडोजच्याही आधी मेमरीत जाऊन बसतात. एकदा त्या आत बसल्या की नंतर जागी होणाऱ्या अँटी-चीटला त्या दिसत नाहीत. सिक्युअर बूट हे पहिलंच दार बंद करतं: मशीन सुरू होताना ज्यावर ओळखीची सही नाही ते चालूच द्यायचं नाही. ऑगस्ट २०२५ च्या बीटात (विक्रीआधीच्या खुल्या चाचणीत) पहिल्या काही दिवसांतच जॅव्हलिनने ३ लाख ३० हजारांहून जास्त वेळा चीटचे प्रयत्न रोखले, असं ईएने जाहीर केलं होतं. तरीही बीटात चीटर दिसलेच. कुंपण उंच केलं म्हणून चोर संपत नाहीत, फक्त कमी होतात, आणि इथे ते खरंच कमी आहेत.

आता तपासणी. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ‘एमएसइन्फो३२’ टाइप करा, एंटर. समोर येणाऱ्या यादीत दोन ओळी शोधायच्या: ‘बायॉस मोड’समोर यूईएफआय (बूट करण्याची नवी पद्धत) हवं आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ऑन. दोन्ही तसंच असेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या.

बायॉस मोड यूईएफआय आहे, पण सिक्युअर बूट ऑफ आहे, हा सोपा प्रकार. बायॉसमध्ये जाऊन चालू करा. आसुसच्या बोर्डवर ‘ओएस टाइप’ हा पर्याय ‘अदर ओएस’वर असतो, तो ‘विंडोज यूईएफआय मोड’वर न्यावा लागतो. इथे बरेच जण एका खड्ड्यात पडतात. बायॉस म्हणतो सिक्युअर बूट ‘एनेबल्ड’ आहे, पण बाजूला बारीक अक्षरात ‘नॉट अॅक्टिव्ह’ लिहिलेलं असतं, आणि विंडोजही ऑफच दाखवतं. याचा अर्थ बोर्डात किल्ल्याच भरलेल्या नाहीत. ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ किंवा ‘इन्स्टॉल डिफॉल्ट कीज’ अशा नावाचा पर्याय शोधा, तो चालवा, सेव्ह करून रीस्टार्ट करा. एवढ्यानेच बहुतेकांचं काम होतं.

बायॉस मोडसमोर ‘लेगसी’ दिसत असेल तर मात्र घाई करू नका. विंडोज जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर बसलेलं आहे. कोणीतरी सांगतं “सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी बायॉसमधली सोय) बंद कर, झालं”. ते ऐकून आधी सीएसएम बंद केलं की मशीनला बूट करायला डिस्कच सापडत नाही आणि काळ्या पडद्याकडे बघत बसावं लागतं. (घाबरायचं कारण नाही, सीएसएम परत चालू केलं की सगळं जागेवर येतं.) क्रम उलटा हवा: आधी डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीची, करायची, मग सीएसएम बंद. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन आहे. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा, आधी ‘व्हॅलिडेट’ हा स्विच लावून चाचणी घ्या, ती पास झाली तरच ‘कन्व्हर्ट’. दोन्ही वेळा ‘अलाउफुलओएस’ हा स्विच सोबत लागतो, नाहीतर ते चालू विंडोजमध्ये काम करायला नकार देतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा जुन्या पद्धतीचं एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर चाचणीच नापास होते. मग आधी पार्टिशनची साफसफाई. महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, कारण बायॉसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं.

टीपीएम २.० या सुरक्षा-चिपचंही बघून घ्या. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाखाली सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. आणि फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडद्यावर काहीच न येण्याची शक्यता असते, पण ते कार्ड या गेमसाठी तसंही पुरेसं नाही. लिनक्सवाल्यांनी आणि स्टीम डेकवाल्यांनी इथेच थांबावं. जॅव्हलिन तिथे चालत नाही, म्हणजे गेमही चालत नाही.

हे सगळं फुकटात तपासायची एक वाट आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला रेडसेक आला. बॅटलफिल्डचीच बॅटल रॉयाल (शेवटी उरेल तो जिंकतो असा प्रकार), पण वेगळी आणि मोफत. इंजिन तेच, बंदुका त्याच, अँटी-चीटही तीच. आधी रेडसेक उतरवा. तो सुरू झाला तर तुमचं सिक्युअर बूट ठीक आहे. फ्रेम किती मिळतात, नेम धरताना बंदूक हातात कशी बसते, पळण्याचा वेग सोसतो का, हेही त्यातच कळतं. शंभर खेळाडूंच्या मोठ्या मॅपवर तुमचा प्रोसेसर तग धरत असेल तर मूळ गेममध्ये तो अडखळण्याची शक्यता कमी. कॉन्क्वेस्टची (फ्लॅग ताब्यात ठेवण्याच्या मोडची) मजा मात्र रेडसेकमध्ये कळणार नाही, ती वेगळी चीज आहे.

स्टीमवर विकत घेतलाच तर परतावा खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तरच मिळतो. गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत पडद्याकडे बघत बसावं लागतं, तो वेळही या दोन तासांत धरला जातो. म्हणून पहिल्या दिवशी कॅम्पेन उघडू नका. थेट मल्टिप्लेअर, एक कॉन्क्वेस्ट, एक ब्रेकथ्रू (एक बाजू चढाई करते, दुसरी सेक्टरमागून सेक्टर राखते), आणि निर्णय.

हार्डवेअरबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण या बाबतीत गेम चकित करण्याइतका समजूतदार आहे. किमान अपेक्षा आरटीएक्स २०६० किंवा आरएक्स ५६०० एक्सटी, प्रोसेसर आय५-८४०० किंवा रायझन ५ २६००, रॅम १६ जीबी. यावर १०८०पी, लो सेटिंग, ३० फ्रेम असं कंपनीच म्हणते. शिफारस आहे आरटीएक्स ३०६० टीआय किंवा आरएक्स ६७०० एक्सटी, सोबत आय७-१०७०० किंवा रायझन ७ ३७००एक्स. त्यावर १४४०पी, हाय, ६० फ्रेम. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं तंत्र) मुद्दामच ठेवलेलं नाही, आणि त्याची उणीव कुठेही भासत नाही. रॅमच्या ओळीतला ‘ड्युअल चॅनल’ हा शब्द मात्र दुर्लक्षित होतो. १६ जीबीची एकच पट्टी लावलेली असेल तर इमारत कोसळताना, ६४ जण एका चौकात जमलेले असताना, फ्रेम झटके खातात आणि दोष ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. आठ-आठच्या दोन पट्ट्या, योग्य खाचांत (बहुतेक बोर्डवर दुसरी आणि चौथी), बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू. आणि एसएसडी. हार्ड डिस्कवर गेम सुरू होतो खरा, पण तुम्ही मॅपमध्ये उतरेपर्यंत पहिला फ्लॅग गेलेला असतो.

आता खुद्द गेम.

आधीचा भाग, ‘बॅटलफिल्ड २०४२’, नोव्हेंबर २०२१ मध्ये १२८ खेळाडू, नावानिशी ‘स्पेशालिस्ट’ आणि रिकामी मैदानं घेऊन आला होता. सुरुवातीला त्यात धड स्कोअरबोर्डही नव्हता, गेममधलं व्हॉइस चॅटही नव्हतं. बॅटलफिल्ड ६ ने ती सगळी पाटी पुसली. खेळाडू परत ६४. असॉल्ट, इंजिनिअर, सपोर्ट, रेकॉन हे चार क्लास परत. स्क्वॉड चौघांचा. आणि भिंती परत पडतात.

या भिंतींवर जरा थांबायला हवं, कारण गेमचा जीव तिथे आहे. कैरोच्या मॅपवर गल्लीच्या टोकाला पहिल्या मजल्याच्या खिडकीत कोणी स्नायपर बसला आहे. दुसऱ्या गेममध्ये तुम्ही त्याच्या डोक्याचा नेम धरता. इथे इंजिनिअर खिडकीखालच्या भिंतीत आरपीजी सोडतो आणि खिडकी असण्याचा प्रश्नच मिटतो. धूळ बसायच्या आत समोरच्या घरात शिरायचं असेल तर दार शोधायची गरज नाही, हातोडा काढून बाजूच्या भिंतीवर काही घाव घाला, भगदाड तयार. पडलेला ढिगारा तसाच राहतो आणि पाच मिनिटांनी दुसरा कोणीतरी त्याच्याच आड लपतो. सामना संपताना गल्ली ओळखू येत नाही. सगळंच पडतं असं नाही. काही इमारतींचा फक्त दर्शनी भाग जातो, सांगाडा उभा राहतो, आणि कोणती इमारत किती पडते हे चार-पाच सामन्यांत पाठ होतं. पण कुठे लपायचं हे दर मिनिटाला नव्याने ठरवायला लागतं, ही गोष्ट बॅटलफिल्ड ४ नंतर इतकी जमून आलेली नव्हती.

बंदुका जड, ठोस. बोट दाबून धरलं की गोळ्या पसरत जातात, त्यामुळे मध्यम अंतरावर तीन ते पाच गोळ्यांचे झटके, लांबवर एकेक गोळी. बंदूक भिंतीच्या कडेला किंवा कठड्यावर टेकवता येते, आणि तेव्हा रीकॉइल (बंदुकीचा मागचा झटका) इतका उतरतो की लाइट मशीनगन अचानक शहाणी वाटते. नवे खेळाडू हे टेकवणं विसरतात आणि मग ‘एलएमजी बेकार आहे’ म्हणतात. प्रत्येक बंदुकीला अटॅचमेंटसाठी १०० गुणांची मर्यादा आहे. चांगली ग्रिप, मोठं मॅगझिन, सायलेन्सर असं सगळं हवं म्हटलं की गुण संपतात; काहीतरी सोडावंच लागतं. ही पद्धत आम्हाला आवडली, कारण सगळ्यांच्या बंदुका शेवटी एकसारख्या होत नाहीत. मात्र अटॅचमेंट उघडत जाण्याचा वेग सुरुवातीला फारच संथ होता. नंतरच्या अपडेटमध्ये तो बराच सुधारला, पण नवी बंदूक हातात घेतल्यावर पहिले काही सामने ती कोरीच चालवायची तयारी ठेवा.

क्लास आणि बंदूक यांचं नातं हा वादाचा विषय आहे. मुख्य प्लेलिस्टमध्ये कोणताही क्लास कोणतीही बंदूक घेऊ शकतो. आपल्या प्रकारची घेतली (असॉल्टला असॉल्ट रायफल, इंजिनिअरला सबमशीनगन, सपोर्टला एलएमजी, रेकॉनला स्नायपर) तर थोडा फायदा. जुन्या पठडीतल्या लोकांसाठी ‘क्लोज्ड वेपन’ प्लेलिस्ट वेगळी आहे. मोकळ्या पद्धतीतला तोटा एकच: छतावर झोपलेला स्नायपर रेकॉनच असेल असं नाही, तो सपोर्ट असू शकतो. त्याच्याकडे गोळ्यांचा साठा स्वतःचाच असतो, मग तो तिथून हलत नाही.

नवख्याने सपोर्ट घ्यावा. त्याच्या एकाच पिशवीतून गोळ्याही मिळतात आणि जखमही भरते, नेम चुकला तरी गुण साठत राहतात. पडलेल्या कोणालाही तो डिफिब्रिलेटरने पटकन उठवू शकतो. बाकीचे क्लास फक्त आपल्या स्क्वॉडमधल्यांना, तेही हळू. यातली नवी गंमत म्हणजे पडलेल्याला ओढत नेता येतं. मोकळ्या रस्त्यात त्याच्याशेजारी बसून उठवायला गेलात तर दोघं जाल. बटण दाबून धरा, त्याला मागे भिंतीआड ओढा, तिथे तो उठतो. हे करताना अंगावर गोळ्या येत असतील तर आधी धूर टाका. एवढी साधी सवय असलेला स्क्वॉड आणि नसलेला स्क्वॉड यांच्यातला फरक स्कोअरबोर्डवर लगेच दिसतो.

इंजिनिअरबद्दल एकच सूचना: रणगाड्याच्या समोरून रॉकेट मारणं म्हणजे त्याला आपला पत्ता देणं. मागच्या बाजूला लागलेलं रॉकेट कितीतरी जास्त नुकसान करतं. आणि आपला रणगाडा पुढे जात असेल तर त्याच्या मागे चिकटून दुरुस्तीचा टॉर्च चालू ठेवा. टॉर्च तापतो, म्हणून टिपेला जाण्याआधी सोडायचा, परत धरायचा. चांगला चालक आणि मागे दोन इंजिनिअर, एवढ्यावर आख्खा ब्रेकथ्रूचा सेक्टर फुटतो.

तक्रार मॅपची. सुरुवातीला नऊ मॅप मिळाले आणि त्यातले बरेचसे दाट, गल्लीबोळांचे. ब्रुकलिनमधल्या एम्पायर स्टेटवर वाहनंच नाहीत. सेंट्स क्वॉर्टर, इबेरियन ऑफेन्सिव्ह हेही जवळच्या मारामारीचे. खुली जमीन, रणगाडे, हेलिकॉप्टर, वर जेट असं ज्याला बॅटलफिल्ड म्हणायची सवय आहे, त्याच्यासाठी मिराक व्हॅली आणि बॅटलफिल्ड ३ मधून परत आणलेला ऑपरेशन फायरस्टॉर्म हे दोन भक्कम आधार. न्यू सोबेक सिटी मधली. लिबरेशन पीकवर उंचीचा खेळ आहे, पण डोंगरावरच्या स्नायपरांच्या चकाकणाऱ्या दुर्बिणी मोजता मोजता फेरी जाते. सीझन १ मध्ये ब्लॅकवेल फील्ड्स आणि ईस्टवुड आले. मॅप सगळ्यांना फुकट मिळतात, सीझनच्या पासला पैसे लागतात ते बाकीच्या गोष्टींसाठी. ज्यांना फक्त जेट उडवायचं आहे त्यांनी घाई करू नये, आकाश तोकडं आहे.

मोडही याच नजरेने निवडा. कॉन्क्वेस्ट ३२ विरुद्ध ३२. ब्रेकथ्रू २४ विरुद्ध २४, आणि आमच्या मते या मॅपवर सगळ्यात चांगला तोच बसतो, कारण एका रेषेवर दोन्ही बाजू भिडतात आणि भिंती पडण्याला अर्थ येतो. एस्कलेशन हा नवा प्रकार, फ्लॅग कमी कमी होत जातात आणि शेवटी सगळे एकाच जागी येऊन आदळतात. रश १२ विरुद्ध १२ केला आहे आणि तो फसला आहे: हल्ला करणाऱ्यांकडे माणसंच कमी, त्यात दोघं स्नायपर घेऊन मागे बसले की संपलं. छोटे ८ विरुद्ध ८ चे मोड आहेत, बंदुकीची पातळी वाढवायला ठीक.

दुसरी तक्रार लॉबीची. सामना संपला की सगळे पांगतात आणि मॅचमेकिंग नव्याने सुरू होतं. तोच सर्व्हर, तीच माणसं, मागच्या फेरीत ज्याने चाकू मारला त्याला या फेरीत शोधायचं, ही मालिकेची जुनी खुमारी गेली. सर्व्हरची यादी आहे, पण ती पोर्टलमध्ये, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या सामन्यांच्या विभागात. तिथे सुरुवातीला बॉट (संगणकाने चालवलेले खेळाडू) मारून एक्सपी (अनुभवाचे गुण) गोळा करण्याचे कारखानेच उघडले होते. मग निर्बंध आले. अजूनही यादीत नाव बघून शिरा. नावात ‘एक्सपी’ असेल तर तिथे लढाई नसते.

बीटा खेळून ज्यांनी मत बनवलं त्यांनी ते थोडं सैल करावं. घसरत येऊन उडी मारायची, हवेतच गोळ्या घालायच्या, हा प्रकार पूर्ण आवृत्तीत आवरला आहे. घसरण्याचा वेग उडीत पूर्ण जात नाही, सलग उड्यांची उंची कमी होते. बीटातली भयंकर एम८७ए१ शॉटगनही शांत केली. तरी एकंदर वेग जुन्या भागांपेक्षा जास्तच आहे, मरणही पटकन येतं.

कन्सोलवाल्यांसाठी: फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स, एस. मागच्या पिढीला वगळल्याचा फायदा स्पष्ट दिसतो. सिक्युअर बूटची कटकट नाही, पण ऑनलाइन खेळायला कन्सोलची मासिक वर्गणी लागते, तो हिशेब धरा. क्रॉसप्ले (पीसी आणि कन्सोलने एकत्र खेळणं) बंद करता येतं. माउसवाल्यांविरुद्ध खेळायचं नसेल तर बंद ठेवा, फक्त रात्री उशिरा सामना मिळायला वेळ लागेल.

कॅम्पेनमध्ये नऊ मोहिमा, पॅक्स आर्माटा नावाची खासगी फौज आणि एक अमेरिकी तुकडी. सरळ रेषेत पळा, गोळ्या झाडा, पुढचा स्फोट बघा. मल्टिप्लेअरमध्ये जी भिंत हातोड्याने फुटते तशीच इथे बऱ्याचदा ढिम्म हलत नाही. फक्त याच्यासाठी गेम घेत असाल तर घेऊ नका. मल्टिप्लेअरसाठी घेतला असेल तर हा भाग वेगळा अनइन्स्टॉल होतो. एसएसडीवर जागा कमी असेल तर पहिल्याच दिवशी काढून टाका.